आधी झाड, मग अळंबी : सोलन ते तीर्थन

हिमाचलातल्या रानअळंब्या बघायच्या तर जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस धरावेत. गुच्छी (मोरेल, हिमालयातली महागडी रानअळंबी) या काळात मिळत नाही. तिचा हंगाम बर्फ वितळल्यावरचा, साधारण मार्च ते मे. आमची वाट ऑगस्टची : सोलनहून नारकंडा, हाटू, जलोरी खिंड आणि शेवटी तीर्थन खोरं. ही वाट निवडली कारण सोलनच्या 1500 मीटरपासून हाटूच्या 3400 मीटरपर्यंत जाताना जंगल चार-पाच वेळा पालटतं, आणि जंगल पालटलं की जमिनीतून वर येणाऱ्या अळंब्याही पालटतात. टोपीचा रंग बघून नाव शोधायला बसणाऱ्याची फसगत ठरलेली. पहिला प्रश्न असतो, ही कुठल्या झाडाखाली उगवली आहे?

सामान थोडं, पण नेमकं लागतं. दहापट मोठं दाखवणारं भिंग, खुरपं, धारदार चाकू, 15 सेंटिमीटरची पट्टी, तीस-चाळीस कागदी पिशव्या, नाजूक नमुन्यांसाठी खणांचा डबा, अर्धं पांढरं आणि अर्धं काळं कार्ड, पाच टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडची ड्रॉपर असलेली छोटी बाटली (याचा थेंब टाकून अळंबीचा रंग पालटतो का ते बघतात; हे द्रावण कातडी भाजतं, डोळ्यांपासून लांब ठेवावं), वही आणि पेन्सिल. पेनची शाई पावसात फुटते. प्लॅस्टिकच्या पिशव्या अजिबात नकोत. आत वाफ धरते आणि संध्याकाळपर्यंत गिल्सचा, म्हणजे टोपीखालच्या पातळ पात्यांचा, लगदा होतो. नमुने उचलायचे असतील तर वनविभागाची लेखी परवानगी निघण्याआधीच घ्यावी.

पहिला दिवस : सोलन, चिडाचं जंगल

10 सप्टेंबर 1997 रोजी सोलनला ‘भारताचं मशरूम शहर’ जाहीर केलं गेलं. चंबाघाटला खुंब (म्हणजे अळंबी) संशोधन संचालनालय आहे. 1983 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय केंद्रातून ते उभं राहिलं. बटण, ढिंगरी, शिटाके या लागवडीच्या अळंब्या भुसा, पेंढा, लाकूड असल्या मृत पदार्थांवर वाढतात, म्हणून त्या खोलीत पिकवता येतात. जंगलात जमिनीवर दिसणाऱ्या कितीतरी अळंब्यांचं तसं नाही. त्यांचं कवकजाल, म्हणजे जमिनीतल्या बारीक धाग्यांचं जाळं, जिवंत झाडाच्या मुळांच्या टोकांवर आवरण चढवतं. झाड साखर देतं, कवक पाणी, फॉस्फरस आणि नायट्रोजन आणून देतं. आल्बर्ट फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञाने 1885 मध्ये हे नातं मांडलं. ओळख पटवणाऱ्यासाठी यातून मिळणारा धागा सरळ आहे. जोडीदार झाड आसपास नसेल तर त्या झाडाची अळंबीही तिथे नसते, मग फोटोतल्या चित्राशी ती कितीही जुळो.

चीड हा पाइन ओळखायला सोपा : एका जुडीत तीन लांब सुया. खाली सुयांचा जाड, कोरडा थर असल्याने अळंब्या तुरळक असतात, आणि सुरुवातीला तेच बरं, कारण एकेका नमुन्याला वेळ देता येतो. नोंदीचा क्रम इथेच हाताला लावून घ्यावा. आधी जागेवरचा फोटो, आजूबाजूचं झाड दिसेल असा. मग टोपी वरून, टोपीखालची बाजू, पूर्ण देठ, आणि शेवटी मधोमध उभी चिरून आतला भाग, प्रत्येकात पट्टी. शक्य असेल तर लहान, मध्यम आणि जून अशा तीन वयांच्या अळंब्या एकाच ठिकाणच्या घ्याव्यात. वहीत उंची, उतार, झाड, माती की लाकूड, वास आणि कापल्यावर पालटणारा रंग. वास आणि रंग फोटोत येत नाहीत, त्यामुळे ते तिथल्या तिथे लिहिलं नाही तर कायमचं गेलं.

देठ जमिनीपाशी कापू नये. खुरपं बाजूने तीन-चार बोटं खोल घालून माती सैल करावी आणि बुडासकट काढावी. सगळ्यात घातक अळंब्यांची सर्वात महत्त्वाची खूण मातीच्या आत असते.

त्यातल्या त्यात चिडाखाली ॲस्ट्रिअस ही गोल अळंबी भरपूर होती. तिचं बाहेरचं कवच फाटून पाकळ्यांसारखं उघडतं. ओल मिळाली की पसरतं, वाळलं की पुन्हा मधल्या गोळ्यावर मिटतं. शेजारीच स्क्लेरोडर्माचे टणक गोळे. गोल, बिनदेठाचं काहीही सापडलं की उभं दुभागून बघायचं. आत एकसारखं पांढरंशुभ्र, कसलीही रेघ नसलेलं असेल तर तो खरा पफबॉल, आणि तोही कोवळा. आत जांभळट काळा गर आणि जाड साल म्हणजे स्क्लेरोडर्मा, तो विषारी. आणि कापल्यावर छोट्या टोपीची, गिल्सची, देठाची पुसट आकृती दिसली तर ती ॲमानिटाची, सर्वात घातक अळंब्यांच्या गटाची, कळी आहे. बाहेरून हे तिन्ही गोळे सारखे दिसू शकतात. ॲमानिटाच्या कळीत माणूस मारण्याइतकं विष असू शकतं, म्हणून एकही गोळा न चिरता पिशवीत जाऊ देऊ नये.

दुसरा दिवस : नारकंडा, देवदार आणि कैल

शिमला मागे पडल्यावर चीड संपतो. नारकंड्याला, 2700 मीटरच्या आसपास, देवदार आणि कैल. कैल हाही पाइनच, पण त्याच्या जुडीत पाच सुया, बारीक आणि लोंबत्या. देवदाराच्या सुया आखूड, फांदीवरच्या छोट्या खुंटांवर झुबक्याने. दोन्ही झाडं शेजारीशेजारी वाढतात, त्यामुळे अळंबीच्या सर्वात जवळ कोणतं खोड आहे एवढ्यावर न थांबता दहा-पंधरा मीटरच्या परिघातली सगळी झाडं लिहून घ्यावीत. मुळं लांब जातात.

कैलाखाली सुइलस मिळाला : चिकट पिवळी टोपी, खाली गिल्सऐवजी छिद्रांचा थर. टोपीवरचा चिकटा बोटाला लागतो आणि त्यावर सुयांचे तुकडे डकलेले असतात. ही जात पाच सुयांच्या पाइनशी बांधलेली, म्हणजे खुद्द झाडानेच शोध अर्ध्यावर आणून ठेवला. उरलेली खातरजमा छिद्रांचा आकार आणि देठावरचे गडद ठिपके बघून करायची.

रसुला आणि लॅक्टेरियस ही जोडी इथून पुढे सगळीकडे भेटते. दोघांचाही देठ वाकवला तर तंतू न निघता खडूसारखा कट्कन तुटतो, कारण त्यांच्या गरात लांब तंतूंबरोबर गोल पेशींचे पुंजके असतात. फरक गिल्सवर चाकूचं टोक ओढल्यावर कळतो : लॅक्टेरियसमधून चीक येतो, रसुलामधून नाही. चिकाचा रंग लगेच लिहावा आणि दहा मिनिटांनी पुन्हा बघावा. सूचिपर्णी झाडांखाली मिळणाऱ्या एका गटाचा चीक गाजरी रंगाचा असतो आणि जखम हळूहळू हिरवी पडते. ही खूण ठळक आहे. कोरडे दिवस गेले असतील, किंवा अळंबी जून असेल, तर चीक येतच नाही आणि लॅक्टेरियसची नोंद रसुला म्हणून होते. अशा वेळी सर्वात कोवळा नमुना घेऊन देठाजवळची गिल कापून बघावी.

रसुलाच्या पुढच्या ओळखीबाबत हात आखडता घेतलेला बरा. लाल, जांभळ्या, हिरव्या टोप्या मन मोहवतात, पण पावसाने रंग धुऊन निघतो आणि एकाच जातीत तीन रंग दिसतात. टोपीची साल किती अंतरापर्यंत सुटते, बीजाणूंचा (गिल्समधून गळणाऱ्या, बियांचं काम करणाऱ्या सूक्ष्म कणांचा) रंग पांढरा की पिवळा, आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंवरची नक्षी, एवढं जमल्याशिवाय ‘रसुला’ या नावावर थांबणं हीच प्रामाणिक नोंद.

संध्याकाळी बीजाणूंचे ठसे लावले. देठ टोपीला अगदी लागून कापायचा, टोपी गिल्स खाली करून कार्डावर अशी ठेवायची की अर्धी पांढऱ्यावर आणि अर्धी काळ्यावर येईल, वर पाण्याचा एक थेंब, आणि वाटी पालथी घालायची. चार ते बारा तास लागतात. टोपी पावसात भिजलेली असेल तर ठशाऐवजी पाण्याचा डाग उमटतो. आधी तासभर मोकळ्या हवेत ठेवावी. कळी अवस्थेतली टोपी ठसा देत नाही, सडायला लागलेलीही देत नाही. नमुने पिशवीत रात्रभर ठेवून सकाळी ठसा घेऊ म्हटलं तर बहुतेकदा उशीर झालेला असतो.

तिसरा दिवस : हाटू, राई आणि तोष

सकाळी कार्डं उघडली. पांढरा ठसा ॲमानिटाचा, लेपिओटाचा आणि कितीतरी रसुलांचा. गुलाबी झाक असलेला एन्टोलोमा किंवा प्लुटिअसचा. गंजासारखा तांबूस तपकिरी कॉर्टिनेरियस आणि गॅलेरिनाचा. गडद चॉकलेटी ॲगॅरिकसचा. हिरवट ठसा आला तर क्लोरोफायलम मॉलिब्डायटिस. उबदार भागात हिरवळीवर उगवणारी ही मोठी पांढरी अळंबी खाल्ल्यावर काही तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात. ठशाचा रंग दिवसाउजेडी बघावा. पिवळ्या बल्बखाली पांढरा आणि फिकट पिवळा यांतला भेद हरवतो.

हाटूच्या चढावर देवदार विरळ होतो आणि राई (स्प्रूस) व तोष (फर) सुरू होतात. राईच्या सुया बोटांत फिरतात, त्यांना कडा जाणवतात. तोषाच्या चपट्या, मागे दोन पांढरट पट्टे. माथ्याकडे खरशू ओक मिसळतो. जमीन शेवाळाने झाकलेली, आणि अळंब्यांची दाटी अशी की शंभर पावलांना दोन तास कमी पडतात. इथे थांबण्याचं खरं कारण ॲमानिटा.

ॲमानिटा कळी असताना पूर्ण एका पातळ आवरणात असते. वाढताना ते फाटतं. खालचा तुकडा बुडाशी पिशवी किंवा कड्यांच्या रूपात राहतो, वरचा टोपीवर खवले किंवा पापुद्रे होऊन चिकटतो. गिल्सवरही वेगळा पडदा असेल तर त्याचं देठावर कडं बनतं. गिल्स पांढऱ्या, बहुतेकदा देठापासून सुट्या, ठसा पांढरा. पाठ करायला हे सोपं, प्रत्यक्षात गडबड इथेच होते. जोराच्या पावसात टोपीवरचे खवले धुऊन जातात. कडं गळून पडतं किंवा गोगलगाय खाते. पिशवी मातीत राहते आणि देठ उपटला तर तिथेच तुटते. ॲमानिटाच्या वॅजिनाटा गटात कडं मुळात नसतंच. टोपीची कड रेघांची आणि बुडाशी सैल पिशवी. म्हणजे तीन खुणांपैकी एकच हाती लागली तरी ॲमानिटाचा संशय धरून चालायचं. उलट बाजूने, खुणा दिसल्या नाहीत म्हणून ॲमानिटा नाही, असं कधीही म्हणू नये.

काही ॲमानिटांमधली ॲमाटॉक्सिन्स पेशीतल्या आरएनए पॉलिमरेज 2 या विकराला (एन्झाइमला) अडवतात आणि प्रथिनं तयार होणं थांबतं. सर्वात मोठा घाव यकृतावर. शिजवून, वाळवून, गोठवून हे विष जात नाही. लक्षणं सहसा सहा तासांनंतर, अनेकदा दहा-बारा तासांनी येतात : उलट्या, जुलाब, पोटात कळा. मग एखादा दिवस बरं वाटतं आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असतं. या बरं वाटण्यावर विसंबून लोक दवाखान्यातून घरी जातात आणि जीव गमावतात. म्हणून रानअळंबी खाल्ल्यावर सहा तासांनंतर सुरू झालेली उलटी म्हणजे थेट मोठं रुग्णालय. उरलेली अळंबी, तिची सालं, शिजवलेलं अन्न, काय असेल ते कागदात बांधून सोबत न्यावं.

चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण निळा होतो, किडे खातात ती चांगली, भातासोबत शिजवून रंग बघावा : या सगळ्या कसोट्या खोट्या आहेत. ॲमाटॉक्सिनला चांदीशी किंवा लसणाशी काही देणंघेणं नाही, आणि गोगलगाय जे पचवते ते माणसाला पचत नाही.

तोषाखाली कॉर्टिनेरियसही दिसतात. कोवळ्या अळंबीत टोपीची कड आणि देठ यांच्यामध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखा पडदा. नंतर त्याचे धागे देठावर उरतात आणि बीजाणू पडून गंजाच्या रंगाचे होतात. यातल्या काही जातींमध्ये ओरेलॅनिन असतं. त्याची लक्षणं दोन-तीन दिवसांपासून थेट दोन-तीन आठवड्यांनंतर येतात आणि मूत्रपिंडं जातात. इतक्या दिवसांनी अळंबीची आठवण कुणाला राहत नाही, ही त्यातली मोठी अडचण. गंजाच्या रंगाचा ठसा देणाऱ्या, पडद्याच्या तपकिरी अळंब्या आमच्या यादीत ‘कॉर्टिनेरियस, जात अनिश्चित’ अशाच राहिल्या.

चौथा दिवस : लुहरी, आनी, खनाग

दिवस रस्त्यात गेला. नारकंड्याहून सतलजकाठी लुहरीपर्यंत मोठा उतार, मग आनी आणि खनागवरून जलोरीचा चढ. पावसाळ्यात या रस्त्यावर दरडी येतात, म्हणून सकाळी लवकर निघावं आणि एक दिवस जादा हाताशी ठेवावा. नमुन्यांच्या पिशव्या गाडीच्या काचेजवळ ठेवू नयेत. लुहरीच्या उकाड्यात त्या दोन तासांत खराब होतात. वरच्या नमुन्यांचं वर्णन आणि ठसे खाली उतरण्याआधी पूर्ण करावेत.

पाचवा दिवस : जलोरी ते सेरोलसर, खरशूचं जंगल

खिंड 3120 मीटरवर. तिथून बुढी नागिणीचं मंदिर असलेल्या सेरोलसर तळ्यापर्यंत सुमारे पाच किलोमीटरची वाट, जवळजवळ सगळी खरशूतून. खरशू सदाहरित ओक आहे. कोवळ्या झाडाची पानं काटेरी कडांची, जून झाडाची बऱ्याचदा सरळ कडांची, पानाची मागची बाजू तपकिरी लवेची. खालच्या उंचीवरच्या बान ओकची मागची बाजू पांढुरकी, त्यावरून दोन्ही लगेच वेगळे होतात.

ओकखाली बोलेटस आलाच. जाड देठ, टोपीखाली छिद्रं. पोर्चिनी या खाद्य बोलेटसच्या गटात छिद्रं आधी पांढरी, मग पिवळट हिरवी. देठाच्या वरच्या भागावर उंचवट्यांची फिकट जाळी. कापल्यावर गर निळा पडत नाही. तसाच दिसणाऱ्या टायलोपिलसची छिद्रं वयानुसार गुलाबी होतात आणि जाळी गडद असते; तो कडू. छिद्रं लाल आणि गर निळा, असं दोन्ही असेल तर तो खाण्याच्या यादीतून बाद. निळेपणा मात्र स्वतः विषाची खूण नाही. गरातली काही रंगद्रव्यं हवेतल्या ऑक्सिजनने निळी होतात, एवढंच. त्यामुळे ‘निळी पडली म्हणजे विषारी’ हा नियम जितका चुकीचा, तितकाच ‘निळी पडली नाही म्हणजे चालेल’ हाही. जून बोलेटसवर बऱ्याचदा हायपोमायसेस ही परजीवी बुरशी चढते, आधी पांढरी, मग सोनेरी पिवळी पूड. असा नमुना ओळखायच्या फंदात पडू नये, मूळ खुणा झाकलेल्या असतात.

कँथरेलसचे पिवळे नरसाळे उतारावरच्या शेवाळात होते. त्याच्या टोपीखाली खऱ्या गिल्स नसतात. बोथट कडांच्या, फाटे फुटलेल्या, देठावर उतरणाऱ्या घड्या असतात, आणि नखाने त्या गरापासून वेगळ्या निघत नाहीत. गर पांढरट, वास जर्दाळूचा. याच्याशी गल्लत होणाऱ्या दोन अळंब्या आहेत. हायग्रोफोरॉप्सिसच्या गिल्स पातळ, दाट, नारिंगी आणि सहज सुटणाऱ्या. ओम्फॅलोटस लाकडातून किंवा पुरलेल्या मुळांतून घोसाने येतो, गिल्स धारदार, आणि तो विषारी. ‘जमिनीतून आली’ असं लिहिण्याआधी खाली खुरपून लाकूड आहे का हे बघायचं, ते याचसाठी. शिवाय युरोपातल्या पुस्तकांतली जातींची नावं इथे जशीच्या तशी लावू नयेत. डीएनएच्या तपासणीत हिमालयातल्या अशा कितीतरी ‘ओळखीच्या’ अळंब्या वेगळ्या जाती निघाल्या आहेत. ‘कँथरेलस, सिबेरियस गट’ इतकं लिहिलं की पुरे.

पडलेल्या जुन्या खरशूवर हेरिशियम सापडलं : ना टोपी, ना गिल्स, फांद्यांवरून खाली लोंबणारे पांढरे मऊ दात. या संपूर्ण वाटेवर इतक्या कमी शंकेने ओळखता येणारी दुसरी अळंबी क्वचितच.

सहावा दिवस : गुशैणी ते रोल्ला

तीर्थन खोऱ्यातलं ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान 2014 पासून जागतिक वारसास्थळ आहे. उद्यानात काहीही उचलायचं नाही, पडलेलं लाकूडसुद्धा नाही; प्रवेशाचा परवानाही आधी काढावा लागतो. म्हणून हा दिवस लाकडावरच्या अळंब्यांचा. त्यांची पहिली पायरी जागेवर न तोडता पार पडते : छोटा आरसा खाली धरून मागची बाजू बघायची. लाकडातून फळीसारख्या बाहेर आलेल्या, रंगीत पट्ट्यांच्या पातळ अळंब्यांखाली बारीक छिद्रं असतील तर ट्रॅमेटिस, गुळगुळीत असेल तर स्टेरिअम. तोषावरची टणक, लाल-केशरी कडेची फळी म्हणजे फोमिटॉप्सिस.

शेवाळलेल्या ओंडक्यांवर छोटी, मधाळ तपकिरी, देठाला पुसट कडं असलेली अळंबी दिसली तर गॅलेरिना मनात धरावी. तिच्यातही ॲमाटॉक्सिन्स असतात, आणि ती इतर निरुपद्रवी जातींच्या घोसात मिसळून उगवते. त्यामुळे लाकडावरच्या घोसातली एक अळंबी ओळखली म्हणून सगळा घोस ओळखला असं होत नाही. प्रत्येक देठ वेगळा बघावा लागतो.

उद्यानाबाहेरच्या गवताळ तुकड्यांवर ॲगॅरिकस होती. बुडाशी कापून चोळलं की लगेच झळझळीत पिवळं आणि शाई किंवा फिनाइलचा वास, तर ती पोट बिघडवणारी जात. गिल्स गुलाबी, नंतर चॉकलेटी, वास सौम्य, तर गवतातली नेहमीची. गिल्स पांढऱ्याच राहिल्या, तर पुन्हा बुडाशी खुरपून पिशवी शोधायची.

मुक्कामी आल्यावर उरलेले नमुने वाळवायला घातले. तापमान 40 ते 45 अंश सेल्सिअस, हवा खेळती. याहून जास्त तापमानाला बाहेर कडक आणि आत ओली राहून सडते. मोठी टोपी उभी चिरून दोन भाग करावेत. बिस्किटासारखी मोडेपर्यंत वाळली की लगेच हवाबंद पिशवीत, सोबत सिलिका जेल. तुकडा मोडायच्या ऐवजी वाकला तर परत वाळवणीत. डीएनएसाठी गराचा छोटा तुकडा वेगळ्या पाकिटात. प्रत्येक पिशवीत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी : क्रमांक, तारीख, उंची, झाड, ठशाचा रंग. नाव शेवटी, आणि खात्री नसेल तर फक्त प्रजातीपर्यंत, म्हणजे ‘रसुला’, ‘कॉर्टिनेरियस’ एवढंच. संग्रहात ठेवण्याआधी पिशव्या उणे 20 अंशांवर आठवडाभर गोठवाव्यात, नाहीतर किड्यांच्या अळ्या दोन महिन्यांत नमुन्यांची पूड करतात.